आगपेटीएवढी जागा

१

सौंसरच्या प्रभाकररावांचा दिवस सकाळी सातला, चहाचा कप विसळून पालथा घातला की सुरू व्हायचा. निवृत्त माणसाचा दिवस कधी सुरू झाला याची गावात कुणी चौकशी करत नाही. प्रभाकरराव मात्र स्वतःची हजेरी स्वतःच घ्यायचे. चौतीस वर्षं आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना वेळ शिकवलेली, ती अशी सहजासहजी सुटते थोडीच. मागच्या खोलीचं कुलूप काढायचं, खिडकी उघडायची, टेबलावरचं फडकं उचलायचं आणि खाली जे असेल त्याच्याकडे पाचेक मिनिटं नुसतं बघत उभं राहायचं, असा त्यांचा नेम होता.

फडक्याखाली इंजिन होतं. खेळणं नव्हे, हे आधीच सांगून टाकतो, कारण घरी येणारा प्रत्येक पाहुणा तीच चूक करायचा. दोनशे वर्षांपूर्वी आगगाडी नुकती रांगायला शिकली होती, त्या काळातलं वाफेचं इंजिन त्यांनी सोळाव्या हिश्श्यात उतरवलं होतं. उंच काळी चिमणी, तिरपे सिलिंडर, मागे पाण्याचं लाकडी पिंप. तांब्याचा बॉयलर, त्यात खरं पाणी, खाली खरा विस्तव. पुढे इंजिनांना छप्पर आलं, बसायला जागा आली. या इंजिनात ड्रायव्हरसाठी बॉयलरच्या मागे एक उघडी फळी तेवढी होती. या मापात ती फळी आगपेटीएवढी भरायची. तिच्यावर प्रभाकररावांनी बाहुलीबिहुली ठेवली नव्हती, कारण नकाशात नव्हती.

त्या फळीसमोर पितळेच्या दोन बारीक दांड्या होत्या आणि सगळी मेख तिथं होती. हे जुनं इंजिन आपलं आपण सुरू होत नसे. ड्रायव्हर त्या दांड्या हातानं हलवायचा, एक पुढे तर दुसरी मागे, म्हणजे वाफ आधी या बाजूला आणि मग त्या बाजूला जायची. चाकं फिरायला लागली की झडपा चाकांना जोडून द्यायच्या. मग दांड्या आपोआप मागेपुढे होत राहत आणि ड्रायव्हर नुसता बघत उभा राही. मॉडेलमध्ये हेच काम दोन बोटांनी, अगदी हलकेच करायचं होतं.

आणि प्रभाकररावांचा उजवा हात थरथरत होता.

दीड वर्षापूर्वी मायक्रोमीटर धरताना ते त्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं. नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हा वाढत जाईल हेही सांगितलं. ज्या माणसाच्या हाताखालून हजारभर पोरं शिकून गेली, त्याला आता शर्टाचं वरचं बटण बायको, स्मिताताई, लावून देत होती. प्रभाकररावांनी त्याचं दुःख कुणापाशी केलं नाही, पण दुःख होतं आणि मोठं होतं. हात पूर्ण जायच्या आत हे इंजिन आपल्या हातानं, आपल्या बोटांनी सुरू करायचं, एवढं एकच त्यांना आयुष्याकडून हवं होतं.

२

पोळ्याच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. घरात गुरं नव्हती, तरी स्मिताताई दरवर्षी बाजारातून मातीची बैलजोडी आणायच्या आणि तिची खांदमळणी अगदी रीतसर करायच्या. पळसाच्या पानानं बैलांच्या खांद्याला हळद आणि तूप लावायचं आणि त्यांना जेवायचं आवतण द्यायचं. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं त्याची ती विचारपूस.

प्रभाकररावांची त्या दिवशी सकाळ वाईट गेली होती. उजव्या सिलिंडरची झडप तीन आठवडे बसत नव्हती. चाक हळूहळू फिरवलं की वाफेचं भोक पुढून आणि मागून सारखंच उघडायला हवं, तर ते पुढून केसभर जास्त उघडायचं. तेवढा केस हलवायला स्थिर हात लागतो. पाना घसरून नटाचे कोपरे झिजले होते. माणूस चिडला की एक तर रागावतो, नाही तर विनोद करतो. प्रभाकरराव दुसऱ्या जातीचे. त्यांनी स्मिताताईंच्या वाटीतलं हळदतूप बोटावर घेतलं आणि मागच्या खोलीत गेले. इंजिनाचा खांदा कोणता म्हणायचा, याचा त्यांनी क्षणभर विचार केला आणि बॉयलरच्या मागच्या अंगाला, दांड्यांच्या वर, तुपाचं बोट ओढलं.

"आज आवतण घ्या, उद्या जेवाले या," ते गंभीर आवाजात म्हणाले.

स्मिताताई दारात येऊन उभ्या होत्या. "अहो, थट्टा नोका करू. आवतण देल्लं का ताट वाढा लागते."

"वाढून देजो. एक पोळी जास्त केली त काय बिघडते?"

"पोळीचं नाही म्हणून राहिली मी. कोणाले बोलावून राहिले ते पाहा लागते. बैलाच्या तोंडाकडे पाहून बोलतेत. तुमी त तिकडं, त्या रिकाम्या फळीकडं तोंड करून बोलले."

"तिथं त कोणीच नाही."

"तेच म्हणून राहिली."

प्रभाकरराव हसले. स्मिताताईही हसल्या, पण वाटी उचलून नेताना त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं.

३

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. प्रभाकररावांनीही त्या दिवशी खोलीत काम केलं नाही. स्मिताताईंनी मातीच्या बैलांना पुरणपोळी दाखवली आणि बोललेला शब्द खाली पडू नये म्हणून छोटं ताट इंजिनापुढेही ठेवलं. खोलीला कुलूप लागलं. किल्ली प्रभाकररावांच्या खिशात.

दुपारी जेवून ते आडवे झाले. रस्त्यावरून सजवलेल्या बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता. तो पुढे गेल्यावर मागच्या खोलीतून दुसरा आवाज ऐकू यायला लागला. टिक. थोडा वेळ काही नाही. टिक. कुणी तरी घाई न करता धातूवर धातू टेकवून बघत होतं.

पत्रे तापले की वाजतात, हे प्रभाकररावांना माहीत होतं. पण आभाळ भरलेलं होतं. मग उंदीर असेल, पुरणाचा वास आला असेल. हे कारण त्यांना पटलं आणि तरी ते अर्धा तास उठले नाहीत. आपण का उठत नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

शेवटी कुलूप काढलं. ताटाला कुणी तोंड लावलेलं नव्हतं. खिडकी बंद होती. इंजिनावर फडकं होतं, पण त्याची घडी वेगळी वाटत होती. त्यांनी ते उचललं. आदल्या दिवशी सरळ उभ्या करून ठेवलेल्या दांड्यांपैकी एक आता पुढे होती आणि एक मागे. भट्टीत त्यांनी आजवर विस्तव घातला नव्हता. तिच्या जाळीखाली चिमूटभर राख होती, पांढरी आणि मऊ.

त्यांनी सवयीनं चष्मा चढवला, उजव्या सिलिंडरचं झाकण काढलं आणि चाक हळूहळू फिरवत फट मोजायची फीलरची पात लावून पाहिली. भोक पुढून आणि मागून सारखंच उघडत होतं. केसाचाही फरक नव्हता. तीस वर्षांपूर्वी, हात ऐन भरात असताना, प्रभाकररावांनाही ते इतकं नेमकं जमलं असतं की नाही, शंका आहे.

खरं सांगायचं तर त्यांना आधी आनंदच झाला. भीती मागून आली, दार लावून घेताना.

४

मंगेश हा त्यांचा जुना विद्यार्थी. पांढुर्ण्यात त्याचं स्वतःचं लेथचं दुकान होतं आणि तांब्याचा बॉयलर त्यानंच चांदीच्या डाकानं जोडून दिला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून दगडफेकीची जत्रा, त्यामुळे गावातून बाहेर पडायची सोय नव्हती. तो तिसऱ्या दिवशी आला, सोबत हातपंप आणि प्रेशरचं घड्याळ घेऊन. बॉयलरमध्ये आधी गार पाणी दाबून पाहायचं, गळती नसली तरच वाफ करायची, असा नियम आहे.

बॉयलर पास झाला. मग मंगेशनं झडपा पाहिल्या आणि तो सरळ उठून बसला.

"सर, हे त एकदम फिट बसलं. हात थांबला का तुमचा?"

प्रभाकररावांना खरं बोलायला एक क्षण मिळाला होता. तो त्यांनी जाऊ दिला. "थांबला थोडा," ते म्हणाले. आयुष्यभर दुसऱ्याच्या कामावर आपला रोल नंबर टाकणाऱ्या पोरांचे कान पिळणारा माणूस आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. त्याची त्यांना लाज वाटली, पण शब्द परत घ्यायची हिंमत झाली नाही.

मंगेश टॉर्च घेऊन वाकून पाहत होता. "पण सर, ह्या नटाच्या पिना कशा वळवल्या तुमी? बॉयलरच्या अन् फळीच्या मधात. इथं त माह्या करंगळीचं टोकही जात नाही."

"चिमट्यानं."

"कोणता चिमटा? मले दाखवा ना, मलेही पाह्यजे तसा. अन् वळवल्या पाहा कशा, आतल्या बाजूनं. आपण बाहेरून वळवतो त तोंड आपल्याकडे येते." मंगेश हसायला लागला. "हे त कोणी फळीवर उभं राहून वळवल्यासारखं दिसते."

प्रभाकरराव हसले नाहीत. स्मिताताई चहा घेऊन आल्या म्हणून विषय तिथंच राहिला.

५

त्यानंतर दोन आठवडे जे चाललं त्याला काम म्हणवत नाही. प्रभाकरराव संध्याकाळी काही तरी अर्धवट ठेवायचे आणि सकाळी ते पुरं झालेलं असायचं. पंपाचा वॉशर बसलेला असायचा, शिट्टीची नळी हवी तशी वाकलेली असायची. खोलीच्या दोन्ही किल्ल्या त्यांच्याकडे. आपणच झोपेत उठून करत असू, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. मग स्मिताताईंना विचारलं, मी मधेच उठतो का. त्या म्हणाल्या, "तुमी त हलतही नाही. आधी हात हलायचा झोपेत, तेही नाही आता."

ते ऐकून त्यांनी एक दिवस परीक्षा घेतली. स्मिताताईंच्या डब्यातली चिमूटभर रांगोळी आणून त्या आगपेटीएवढ्या फळीवर सारखी पसरली. उंदीर असो, पाल असो की आणखी कुणी असो, पाय ठेवला तर ठसा उमटेल. सकाळी ठसा नव्हता. फळी लख्ख झाडलेली होती आणि रांगोळीची मोहरीएवढी नीटस रास कोपऱ्यात लोटून ठेवली होती. चांगला कारागीर काम सुरू करायच्या आधी उभं राहायची जागा झाडून घेतो, तशी.

त्या दिवशी सुटे भाग पोत्यात भरून खोलीला कायमचं कुलूप घालावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. मग दाढी करायला बसले आणि वस्तरा गालावरून पार हनुवटीपर्यंत एका रेषेत आला. वर्षभरात असं झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वरचं बटण त्यांनी स्वतः लावलं. जेवताना वरणाचा थेंब शर्टावर पडला नाही. स्मिताताई बघत राहिल्या आणि पदर डोळ्यांना लावून आत गेल्या.

"गोळ्या लागू पडल्या वाटते," त्या बाहेर येऊन म्हणाल्या.

"पडल्या," प्रभाकरराव म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांना विसरायला झालं नव्हतं. हा आजार उतरणारा नव्हे. पण बुडत्याला काडीचा आधार पुरतो, तिथं हा तर आख्खा हात मिळत होता. तो बरा होतोय ते कुणाच्या कामासाठी, एवढं विचारायची त्यांची छाती झाली नाही. मंगेशला त्यांनी फोन केला आणि रविवारी सकाळी विस्तव घालायचा असं ठरवून टाकलं.

६

रविवारी अंगणात फळ्यांवर गोल रूळ मांडले. मंगेश दहालाच आला. स्मिताताई खुर्ची टाकून बसल्या. इंजिनाला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. प्रभाकररावांनी भट्टीत बाभळीच्या कोळशाचे वाटाण्याएवढे तुकडे घातले. बॉयलर गुणगुणायला लागला, मग घड्याळाचा काटा हलला. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पांढरा धागा निघाला तेव्हा मंगेश खाली उकिडवा बसून लहान पोरासारखा हात चोळत होता.

"सर, आता तुमी."

प्रभाकररावांनी वाफेचा कॉक उघडला आणि दोन बोटं दांड्यांना लावली. हात दगडासारखा स्थिर होता. एक दांडी पुढे, दुसरी मागे. सिलिंडरमधून पाणी थुंकलं गेलं, चिमणीनं पहिला सुस्कारा सोडला आणि चाक फिरलं. पुन्हा एकदा. इंजिन चालायला लागलं. त्यांनी झडपा जोडून दिल्या आणि बोटं काढून घेतली. तीन वर्षांचं तांबं आणि पितळ त्यांच्यापुढून आपल्या बळावर निघून गेलं. मंगेशनं टाळ्या वाजवल्या. त्या एका फेरीपुरते प्रभाकरराव सुखी होते, निखळ सुखी, आणि हे सुख त्यांच्याकडून कुणी काढून घेऊ शकणार नाही.

दुसऱ्या फेरीत त्यांच्या ध्यानात आलं की दांड्या हलत नाहीत.

चाकं फिरत होती, म्हणजे दांड्या मागेपुढे व्हायलाच हव्या होत्या. त्या थांबल्या होत्या, कुणी तरी धरून ठेवल्यासारख्या. मग इंजिन हळू झालं. धक्का नाही, कचका नाही. मुरलेला ड्रायव्हर फलाटाला गाडी लावतो तसं ते सावकाश आलं आणि बरोबर प्रभाकररावांच्या पावलांपाशी थांबलं.

"कॉक अडकला काय जी?" मंगेश म्हणाला आणि पाना आणायला आत गेला.

मागच्या सांध्यातून वाफ गळत होती आणि वारा नव्हता. वाफ फळीवर येत होती आणि तिथं दुभंगत होती. मध्ये अर्धी वीत उंचीची जागा स्वच्छ होती. वाफ तिच्या दोन्ही अंगांनी वर चढायची आणि वर पुन्हा एक व्हायची. ओढ्यात काठी रोवली की पाणी जसं तिला वळसा घालतं, तसा तो वळसा होता. प्रभाकररावांनी डोळे चोळले. तापलेल्या धातूवरची हवा वाफ ढकलते, असं त्यांच्या मनानं लगेच सांगितलं आणि ते शास्त्राला धरूनच होतं. मग ती स्वच्छ जागा वळली. आतापर्यंत ती अरुंद होती, आता रुंद झाली, जसा बाजूनं दिसणारा माणूस आपल्याकडे तोंड करतो. ती काही वेळ तशीच राहिली.

त्यांच्या उजव्या हातात त्याच वेळी ऊब चढत गेली, मनगटापर्यंत, आणि तिथं थांबली.

"काय झालं?" स्मिताताईंनी खुर्चीतून विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. वाफ संपली होती. फळी मोकळी होती.

७

सोमवारी सकाळी सातला, कप विसळून ठेवल्यावर, प्रभाकररावांनी इंजिन सुटं करायचं ठरवलं. त्यांनी रात्रभर विचार केला होता. थरथरणारा असला तरी हात आपला होता. चहा सांडायचा तोही आपणच सांडायचो. त्यांना तो परत हवा होता.

पाना उजव्या हातात घेतला आणि पहिल्या नटाला लावला. सोडवायला डावीकडे फिरवायचं, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. हात उजवीकडे फिरला. नट पाव आटा घट्ट झाला. चूक झाली असेल म्हणून त्यांनी पाना काढून पुन्हा लावला. हात पुन्हा उजवीकडेच फिरला, शांतपणे, कुठं थांबायचं ते नेमकं ओळखून. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट पकडलं आणि सगळा जोर लावला. घाम फुटला, पण मनगट तसूभरही वळलं नाही. मग उजव्या हातानं पाना खाली ठेवला, आकाराप्रमाणे मांडलेल्या रांगेत, त्याच्या जागेवर. फडकं घेतलं आणि बॉयलर पुसायला लागला. प्रभाकरराव शेजारी उभे राहून बघत होते, असंच म्हणावं लागेल.

दुपारी ते ओसरीवर बसले. स्मिताताई जुनी नऊवारी फाडून गोधडीला बसल्या होत्या. सकाळपासून त्यांचा चेहरा उजळलेला होता. लेकीला फोन करून, बाबांचा हात बरा झाला, इंजिन धावलं, हे त्यांनी दोनदा सांगून झालं होतं.

"तुमाले एक सांगू?" प्रभाकरराव म्हणाले. "हा हात..."

"माहीत हाय मले," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष झालं, रोज देवापाशी दिवा लावून राहिली मी. तुमी म्हणत नव्हते, पण मले दिसत नव्हतं काय?" मग स्वतःवरच हसून त्यांनी सुई पुढे धरली. "घ्या, आता तुमीच ओवून द्या. माहे डोळे गेले, तुमचा हात आला. कोणाचं तरी बरं झालं."

एवढ्या आनंदात असलेल्या बाईला काय सांगायचं आणि कोणत्या तोंडानं, हा विचार प्रभाकरराव करत होते. तो पुरा व्हायच्या आत दोरा सुईतून पार गेला होता. हात उचलायचं त्यांनी अजून ठरवलंही नव्हतं.

"आहा," स्मिताताई म्हणाल्या आणि दुसरी सुई पुढे केली, सगळ्यात बारीक नेढ्याची.

प्रभाकररावांनी डोळे घट्ट मिटून घेतले. दोरा ओवला गेला, हे त्यांना स्मिताताईंच्या हसण्यावरून कळलं.